बाबांच्या कानावरची खपली

टक्.

स्वयंपाकघरात चरबीच्या डब्याचं झाकण निघालं. आवाज एवढासाच, पण घर इतकं गप्प होतं की तो भिंतीपलीकडून थेट माझ्या उशाशी आला. बाहेर डोंगरावर धुकं बसलेलं, कोंबडेही अजून उठले नव्हते. लेनी माझ्या कुशीत तोंड खुपसून झोपली होती. ती झाल्यापासून मी अशीच झोपते, अर्धी. एक कान घरभर हिंडत असतो.

अंडी तळायची वेळ झाली नव्हती. मक्याचा पाव मी आदल्या संध्याकाळीच भाजून ठेवला होता. मग या वेळी डुकराची चरबी कुणाला हवी होती?

लेनीचा हात हळूच माझ्या गळ्यावरून काढला आणि उठले. बाबा खिडकीशी पाठमोरे उभे होते. डबा बगलेत धरून दोन बोटांनी उजव्या कानाला चरबी चोपडत होते, एखाद्या लहान पोरानं साखर चोरावी तसे.

"काय करताय बाबा?"

ते दचकले. आधी कॅप डोक्यावर ओढली, मग डबा खाली ठेवला. "काही नाही. थंडीनं कान फुटलाय."

"दाखवा."

"कानात काय बघायचंय? दोन आहेत. मोजून घे."

मी दिवा लावला आणि कॅप काढली. कानाच्या वरच्या कडेला मक्याच्या दाण्याएवढी खपली होती. कडा वर उचललेल्या आणि खाली ओलं लाल. त्यांच्या उशीच्या अभ्र्यावर तपकिरी डाग मी कितीदा धुतले होते. पलंगावर कॉफी पिऊ नका म्हणून त्यांना बोललेही होते. ते मुकाट्यानं ऐकून घ्यायचे.

"कधीपासून आहे हे?"

"आलं लावलं तेव्हापासून असेल."

आता आलं काढायला आलं होतं.

आम्ही पोमेरानी. आमचे खापरपणजे बर्फाच्या मुलखातून बोटीत बसून या ब्राझीलच्या डोंगरात आले, जंगल तोडून शेती करायला लागले. भाषा आणली, भात्याचा बाजा आणला, कातडीही तिकडचीच आणली. ऊन मात्र इकडचं. आमच्यात चाळिशी उलटलेल्या माणसाच्या तोंडावर कुठे ना कुठे कातडीचा कॅन्सर कापल्याच्या टाक्याची खूण असतेच. तरी धुकं दिसलं की आमचे लोक टोप्या खुंटीवर टांगतात. अंगाला चटका बसत नाही म्हणजे ऊन नाही, असा हिशोब. आणि आलं काढायचं ते नेमकं थंडीत, उघड्या उतारावर, दिवसभर.

सकाळी हुल्डा आत्या आली. बाबांची धाकटी बहीण. आलं काढायला दरवर्षी येते. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, त्यावर सुपाएवढी गवती टोपी. तिच्या नाकाच्या शेंड्याचा डावा भाग कापलेला आहे आणि तो ती एखाद्या पदकासारखा मिरवते. मी तिला कानाचं सांगितलं तर ती सरळ बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"रायनोल्ड, डुकराच्या मांसाला चरबी लावून आचेवर ठेवलं तर त्याला आपण काय म्हणतो?"

"जेवण म्हणतो."

"मग तुझा कान कधी वाढायचा ते सांग. मी बटाटे उकडते."

बाबा हसले नाहीत. खताच्या दुकानानं फुकट दिलेली ती निळी कॅप त्यांनी आणखी खाली ओढली. पुढे चोच, बाजूला काही नाही. कान दोन्हीकडे उघडे, कपाच्या कानांसारखे. रुंद टोपी घाला म्हटलं की त्यांचं एकच उत्तर, ती बायकांची.

"शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये कातडीचे डॉक्टर येतायत," आत्या म्हणाली. "पाळकबाईंनी रविवारी सांगितलं. पुन्हा यायचे ते कॉफीचं पीक उतरल्यावर. तोवर तुझा कान गळून कॉफीत पडेल."

"शनिवारी मला वेळ नाही."

"काय काम आहे?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "चंद्र उतरणीला लागलाय. शनिवारी पहाटे ही नेया माझ्यावर शब्द म्हणणार आहे."

आत्याच्या हातातला कुदळीचा दांडा तिथेच थांबला. मग कुदळ खांद्यावर टाकून ती उतारावर निघून गेली. 

आमच्याकडे शब्द असतात. कातडीवर लाल, सुजरं धावरं उठलं, भाजलं, चामखीळ आली की ते जाणणाऱ्याकडे जायचं. तो उतरत्या चंद्रात, पहाटे, हात फिरवत तीनदा म्हणतो. पुरुषाकडून बाईकडे, बाईकडून पुरुषाकडे, असेच ते पुढे जातात. बापाकडून मुलाला देता येत नाहीत. बाबांना त्यांच्या आजीनं दिले. बाबांनी मला दिले, लेनी पोटात असताना, कोंबड्यांच्या खुराड्यामागे, कानात. आणि ज्याच्याजवळ शब्द आहेत त्याला ते स्वतःवर म्हणता येत नाहीत. म्हणजे बाबांसाठी या डोंगरात मीच.

शब्दांवर माझा विश्वास आहे का, असं कुणी विचारलं तर मी चूल फुंकायला लागते. लेनीचा हात कढईला चिकटला होता तेव्हा मी ते म्हटले आणि ती रडायची थांबली. हेही मी पाहिलंय. आणि एवाल्ड काकांचंही पाहिलंय.

एवाल्ड काका म्हणजे हुल्डा आत्याचा नवरा, बाबांचा जीवलग. दोघं जोडीनं बाजा वाजवायचे. काकांच्या खालच्या ओठावर अशीच खपली आली. बाबांनी शब्द म्हटले आणि आठवड्याच्या आत खपली गळून पडली. आत्यानं कोंबडी कापली, सगळ्यांना जेवायला बोलावलं. पण खपली गळली ती वरची. आतलं तसंच वाढत राहिलं आणि जबड्यात शिरलं. पुढच्या हंगामात काकांना आम्ही डोंगरावरच्या दफनभूमीत ठेवलं. त्यानंतर बाबांनी बाजा उघडला नाही. आत्यानं त्यांना कधी एका शब्दानं दोष दिला नाही. कदाचित तेच त्यांना जास्त लागलं असेल.

म्हणून मला कळत होतं. बाबा डॉक्टरला भीत नव्हते. डॉक्टरच्या खुर्चीत बसायचं म्हणजे एवाल्ड काकांवर शब्द चालले नाहीत असं कबूल करायचं. आणि माझ्या तोंडून म्हटलेले शब्द त्यांच्या कानावर चालले, तर ते काकांवरही चालले असते, फक्त काहीतरी राहून गेलं, असं मानता आलं असतं. मी म्हटले तर खपली गळणार. ती केव्हातरी गळतेच. मग बाबा कॅप घालून शेतात जाणार, सुखात. नाही म्हटले, तर बापानं पदरात घातलेलं मी बापालाच नाकारलं.

तो आठवडा मी बसले नाही. आल्याची बेटं उपटताना मान वळवून वळवून बाबांचा कान बघत होते. धुकं दहाच्या सुमाराला फाटतं, तेव्हा त्या चरबीवर ऊन कसं चमकायचं! मी उठायची, त्यांच्या डोक्यावर फडकं टाकायची. ते काढायचे. मी पुन्हा टाकायची.

"माझं काय प्रेत झाकतेस का?" ते ओरडले.

मी फडकं उचललं आणि लेनीकडे वळले. त्या दिवसांत लेनीचेही हाल केले मी. लांब बाह्या, रुमाल, टोपी, त्याखाली क्रीमचा थर. कानामागे, मानेवर, पायाच्या बोटांवर. ती अंग चोरायची.

"आई, मी पाव आहे का? किती लोणी लावतेस!"

"पावच आहेस. करपशील."

"मग मला खा."

मी तिच्या मानेचा मुका घेतला आणि घेता घेता तिथले ठिपके पाहून घेतले. पाच वर्षांच्या पोरीच्या मानेवर तीळ केवढे. कालचे तेवढेच आहेत की एखादा नवा? आंघोळ घालताना पाहिलं, केस विंचरताना पाहिलं, झोपल्यावर चादर सारून पाहिलं.

"पोरीला झोपू दे," हिल्मार म्हणाला. माझा नवरा. कमी बोलतो, भरपूर झोपतो.

"बाबांचं काय करू?"

"उचलून टाकू पिकअपमध्ये, आल्याच्या पोत्यांवर."

"पोतं ओरडत नाही."

"मग ओरडणार नाही असं काहीतरी कर." तो कूस वळवून घोरायला लागला.

ते वाक्य माझ्या डोक्यात माशीसारखं फिरत राहिलं. दुसऱ्या दिवशी आल्याची माती झटकताना आत्याला विचारलं, "आत्या, शब्द म्हटल्यावर माणसानं गप्प राहायचं असतं ना?"

"बाराची घंटा होईपर्यंत. अवाक्षर काढलं की शब्द निघून जातात. आणि आभारही मानायचे नाहीत, घंटेनंतरही." ती थांबली. टोपीच्या कडेखालून माझ्याकडे बघू लागली. तिच्या अर्ध्या नाकाच्या दोन्ही बाजूंना हळूहळू हसू पसरलं. "डॉक्टर किती वाजता येतात, तेही विचारतेस का?"

"किती वाजता?"

"आठला. मी तुझ्यासाठी रांगेत उभी राहते."

मग तिचं हसू गेलं. हातातल्या आल्याचा कोंब तिनं मोडला. "एवाल्डला आधी रायनोल्डकडे जा असं मीच म्हटलं होतं, नेया. तेव्हाचे डॉक्टर आपली भाषा बोलत नव्हते. एवाल्डला दुसरी येत नव्हती. मला वाटलं, घरचं माणूस बरं. हे तुझ्या बापाला मी कधी सांगितलं नाही. त्यानं विचारलंच नाही."

"सांग ना मग."

"शनिवारी सांगेन. तो गप्प असताना. मला मधे बोलणारी माणसं आवडत नाहीत."

शनिवारी पहाटे मी बाबांना अंगणात नेलं. चंद्र झिजलेला, डोंगराच्या खांद्यावर. थंडीनं माझे दात वाजत होते. बाबांनी कॅप काढून छातीशी धरली आणि मान खाली घातली. त्यांचे केस किती विरळ झालेत ते तेव्हा दिसलं. मी लहान असताना याच माणसाच्या खांद्यावर बसून कॉफीची फळं तोडायची.

शब्द मी पूर्ण म्हटले. खोटं म्हणणार नव्हते. एकही गाळला नाही, तिन्ही वेळा. हात फिरवताना बोट खपलीला लागलं, तेव्हा ते शहारले पण हलले नाहीत. शेवटचा शब्द संपला आणि मी म्हटलं, "बाबा, आता बाराच्या घंटेपर्यंत बोलायचं नाही."

त्यांनी मान हलवली.

"हिल्मार, गाडी काढ."

इंजिन खोकलं. बाबांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंड उघडलं. मी वाट बघत राहिले. 

"नाही म्हणायचं असेल तर म्हणा," मी म्हटलं. "तुम्हाला कुणी बांधलेलं नाही. पण म्हटलंत तर गेले शब्द. आणि ते मी पुन्हा म्हणणार नाही."

तोंड उघडं होतं ते मिटलं.  मला वाटलं, आता कुदळ उचलून शेतात जातील. त्याला तर बोलावं लागत नव्हतं. ते घरात गेले. मी तशीच उभी. थोड्या वेळानं बाहेर आले ते रविवारचा पांढरा सदरा घालून. गाडीत बसले आणि दार स्वतःच ओढून घेतलं. इतक्या जोरात, की लेनी आतल्या खोलीत जागी झाली.

हॉलमध्ये अर्धा डोंगर जमला होता. कुणाच्या कपाळावर पट्टी, कुणाच्या हातावर डॉक्टरांनी थंड वायूनं गारठवून जाळल्याचे पांढरे फोड. आत्या सगळ्यात पुढे, दोन खुर्च्या अडवून बसलेली. डॉक्टर एक तरुण मुलगी होती, खालची, समुद्राकाठची, गव्हाळ, पण आमची भाषा शिकलेली. तिनं बाबांचा कान पाहिला आणि तिचा आवाज मऊ झाला.

"आजोबा, कधीपासून आहे?"

बाबा गप्प.

"दुखतं का?"

गप्प.

"ऐकू येत नाही का यांना?" तिनं मला विचारलं.

"ऐकू येतं," आत्याच म्हणाली. "आज बोलायला बंदी आहे."

"कुणी घातली?"

"मुलीनं."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. "माझ्या वडिलांवर घालून द्याल?"

रांगेतली माणसं हसली. बाबा लाल झाले, बोडक्या टाळूपर्यंत. डॉक्टर मात्र हसत हसतच त्यांच्या मानेवर बोटं फिरवत होती, कानाखाली, जबड्याखाली, दाबून दाबून. माझं सगळं जग त्या बोटांमागे चाललं होतं. जबड्याखाली ती थांबली. पुन्हा चाचपलं. मग हात काढला.

"गाठ लागत नाही. आणखी थांबला असता तर लागली असती. कानाची कड कापावी लागेल. आजच. तुकडा तपासायला पाठवू, मग पुढचं कळेल. आजोबा, कापू ना?"

आता बोलावं तर लागणार होतं. नुसती मान हलवणं पुरे होतं का, मला कळेना. बाबांनी हात वर केला, कान धरला आणि तो पुढे केला, एखादी वस्तू द्यावी तसा.

कापायची पाळी अकराला आली, तेव्हा पडद्याआड नेलं त्यांना. मला आत सोडलं नाही, पण आत्या घुसली. पडद्याखालून तिचे चिखलाचे बूट दिसत होते. ती हळू आवाजात बरंच काही बोलत होती. काकांचं नाव ऐकू आलं, मग शब्द देणाऱ्या त्यांच्या आजीचं, मग पुन्हा काकांचं. बाबांचा एकही शब्द नाही. मी लेनीला मांडीवर घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. डॉक्टरबरोबर आलेल्या एका विद्यार्थ्यानं तिच्या नाकाला क्रीम लावून आरसा दाखवला. ती माझ्याकडे पळत आली. "आई, इथेही पाव करतात!"

घंटा वाजायला लागली तेव्हा बाबा बाहेर आले. अर्ध्या डोक्याला पट्टी, कॅप हातात. ती आता बसणारच नव्हती. डोळे सुजलेले. बाराचा शेवटचा ठोका विरेपर्यंत ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. नियम तो नियम.

मग म्हणाले, "हुल्डा, एवाल्डला मी इथे आणायला हवं होतं."

"मी होते ना घरात," आत्या म्हणाली. "माझेही पाय शाबूत होते."

 आत्यानं स्वतःची गवती टोपी काढली, आपला फुलाफुलांचा रुमाल सोडला, तो बाबांच्या पट्टीवरून गुंडाळून हनुवटीखाली गाठ मारली आणि वर टोपी ठेवली.

"ही बायकांची म्हणालास तर डॉक्टरीणबाईला दुसरा कानही कापायला सांगेन."

"दे दोरी घट्ट बांधून," बाबा म्हणाले. "वाऱ्यानं उडेल."

त्यांनी माझे आभार मानले नाहीत. तसे मानायचे नसतातच. फक्त गाडीत चढताना माझ्या डोक्यावर हात टेकवून चढले, मी जणू दाराची कड होते.

परतीच्या रस्त्यावर धुकं पार गेलं होतं. ऊन खिडकीतून आत शिरून लेनीच्या हातावर पडलं. मी तिची बाही खाली ओढली. वळणावर ऊन दुसऱ्या हातावर गेलं, मी तीही ओढली. बाबा पुढच्या सीटवर, टोपीची कड काचेला घासत होती. हिल्मार मधूनच त्यांच्याकडे बघून ओठ आवळत होता.

"हस, हस," बाबा त्याला म्हणाले. "तुझेही कान काही कमी मोठे नाहीत."

लेनी आजोबांच्या रुमालातून डोकावणाऱ्या पट्टीकडे बघत होती. "आई, तू आजोबांवर शब्द म्हटलेस ना? मग कापलं कशाला?"

मी काही बोलायच्या आत बाबाच म्हणाले, "शब्दांनी मला गप्प बसवलं, पोरी. बाकीचं कात्रीनं केलं."

लेनीनं त्यावर विचार केला. मग माझ्या मांडीवर वळून बसली, टोपी मागे सारली आणि तिळांची ती गोरी मान माझ्यापुढे केली.

"मग माझ्यावरही आत्ताच म्हण. मी घंटेपर्यंत बोलणार नाही. क्रीमही रोज लावू देईन, पायाच्या बोटांनासुद्धा. मग मला हे कधीच होणार नाही ना, आई?"